बैलाच्या शिंगावरचे दिवे

गेणू असवलेला मी प्रथम पाहिलं तेव्हा तो एका हाताने रेडिओ, दुसऱ्याने घड्याळ आणि तोंडाने सगळं कान्हे गाव दुरुस्त करत होता.

१९७८च्या पोळ्याला मिरवणुकीत पहिला मान मिळावा म्हणून गावातल्या भिमाजीआबांनी आपल्या बैलाच्या शिंगांवर गेणूकडून मुंबईचे नवे लाल एलईडी बसवून घेतले. बॅटरी नऊ व्होल्टची, दिव्याला दोनच पुरतात. उरलेले सात अडवायला गेणूने प्रत्येक दिव्यामागे हिशेबाने रेझिस्टर जोडला.

"गेणू, ह्यो मधला तुकडा लय करंट खातोय. काढ त्याला."

"आबा, त्यो खातोय म्हणून दिवा जगतोय."

"म्हंजी जावयावानी पोसायचा व्हय?"

गेणू हसत चहाला गेला. तेवढ्यात आबांनी डाव्या शिंगावरचे सगळे जावई उपटून तारा थेट जोडल्या. दिवे क्षणभर लखलखले आणि कायमचे विझले.

बैल एकाच शिंगाने उजळत निघाला. गाव हसून लोळलं, पोरं त्याच्या उजवीकडूनच चालली, आणि आबा "मुद्दामच तसं केलंय" म्हणून मिशीला पीळ देत राहिले.

पहिला मान दरवर्षीप्रमाणे पाटलांच्या बैलाला मिळाला. त्याच्या शिंगांना साधं बेगड होतं.