गोदूबाईनं घातलेला वारा

उरणकडच्या त्या मिठागरावर गोदूबाईसारखं मीठ ओढणारं दुसरं माणूस नव्हतं, आणि हे ती स्वतःच आधी सांगायची. लांब दांड्याची लाकडी फळी ती अशी फिरवायची की मीठ पांढरंशुभ्र वर यायचं, खालचा चिखल जागचा हलायचा नाही. साठी उलटली तरी तोरा तोच.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र नातीनं तिची झोप उडवली. अमिषा अवघी सात महिन्यांची. तिची आई, गोदूबाईची सून प्राप्ती, मिठाच्या पाट्या वाहायची आणि पोर बांधावरच्या शेडमध्ये झोळीत असायची. दुपारभर काही त्रास नसे. ऊन कललं, वारा पडला, की खाडीतून चिलटं उठायची. सकाळी बघावं तर पोरीचे गाल, कान, पापण्या सुजलेल्या.

प्राप्तीच्या नवऱ्यानं, दिपेशनं, छत्रीसारखी मिटणारी मच्छरदाणी आणली. चिलटं जाळीतून खुशाल आत! मग गोदूबाईनं आपला हुकमी उपाय काढला. नारळाची सोडणं आणि कडुलिंबाचा पाला पेटवून तिनं झोळीखाली धूर केला.

"माजी सगली पोरं ह्या धुरान वाढलीत," ती ऐटीत म्हणाली.

चिलटं पळाली खरी, पण अमिषा खोकून खोकून कासावीस झाली. प्राप्तीनं तिला झटकन उचललं.

"आई, मी हिला घेऊन माणगावला जाते. पाऊस लागेपर्यंत माहेरीच राहीन."

नात गेली की घर खायला उठणार. पण गोदूबाई भांडली नाही. कळशी उचलून तिनं स्वतःच्या हातानं विस्तव विझवला. मिठागरावरच्या सगळ्या बायांच्या देखत आपली चूक मान्य करणं तिच्यासारख्या मानी बाईला सोपं नव्हतं. तिचं मोठेपण बघायचं तर इथं बघावं.

वारा असला की चिलटं नसतात, हे ती जन्मभर बघत आली होती. वारा पडला तर आपण घालायचा, एवढंच. अडचण एकच होती. मीठ ओढायची वेळही तीच, उन्हं उतरल्यावरची.

प्राप्तीला तिनं एक दिवस थांबायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं पोरीला पूर्ण बाह्यांचं पातळ सुती झबलं आणि मोजे घातले, फळी सुनेच्या हातात दिली आणि पंखा घेऊन झोळीशी बसली.

"गोदूबाय, हात थकले काय गो?" बांधावरून पाटी नेणाऱ्या शकूनं टोमणा मारला.

"थकले न्हाय. मीठ काय, फिरून पिकंल. पोरीचा जीव कोवला हाय."

प्राप्तीनं फळी ओढली, तसा मिठाबरोबर काळाभोर चिखल वर आला. गोदूबाई अर्धी उठली. सून घाबरून बघायला लागली.

"ओढ, ओढ. येईल हलूहलू," म्हणत ती परत खाली बसली.

दिवेलागणीला प्राप्तीनं लेकीचे गाल चाचपले. एकही नवा फोड नव्हता.

"आई," ती म्हणाली, "उद्या फळी कशी धरायची ते नीट दाखवाल?"

गोदूबाईनं मान डोलावली आणि पंखा दुसऱ्या हातात घेतला.