गुलामांचं पान आधी

“ह्या स्पेनच्या राजाला आज असा आवळतो, की पुन्हा तोंड वर काढायचा न्हाई!”

भिंतीपलीकडून हे ऐकू आलं की मी समजायचे, शेजारचे बाइंडरचाचा पुन्हा इतिहासावर रागावले. जगात कुठल्याही शतकात कुणी कुणाला जिंकलेलं असो, त्याचा त्रास नगरमध्ये फक्त त्यांना होत असे. त्यांना इंग्रजीतले आकडे तेवढे कळत, अक्षर नाही. पण आमच्या शाळेची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडेच बांधायला येत आणि त्यांतली चित्रं ते नातेवाइकांच्या फोटोंसारखी न्याहाळत. मुकुटवाला दिसला की पान इतकं घट्ट शिवत, की पुस्तक तिथं उघडूच नये. साखळदंडातल्या माणसांचं पान मात्र सैल. “वाईच श्वास घिऊ द्या की त्यास्नी,” म्हणायचे. त्यामुळे आमच्या वर्गात टेबलावर ठेवलेला इतिहास आपोआप गुलामांच्या जहाजावर उघडे.

चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. इंग्रजी शाळेत जाते म्हणून मला गल्लीतल्या मुली “मडम आली” म्हणून हसत, आणि शाळेत मी विचारल्याशिवाय बोलत नसे. मग मी चाचांच्या ओट्यावर बसून चित्रांखालच्या ओळी त्यांना मराठीत सांगायचे. एकदा त्यांनी जहाजावर बोट ठेवलं.

“नावं दिल्यात का, बेटी?”

“कप्तानाचं दिलंय. जहाजाचंही.”

“आन् ह्यांची?”

“नाही, चाचा.”

“लाकडाला नाव हाय, मानसाला न्हाई!” त्या दिवशी ते जेवले नाहीत. बेचाळीस साली नगरच्या किल्ल्यात पुढारी कैद झाले तेव्हासुद्धा त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली होती.

पुढच्याच महिन्यात वर्गाचे सगळे इतिहास बांधून आले, तर प्रत्येकात गुलामांचं प्रकरण पहिलं. राजे, सेनापती सगळे मागे. गोऱ्या हेडबाईंनी चाचांना ऑफिसात बोलावलं, आणि मला दुभाषी म्हणून. ज्याला पानांचा क्रम लावता येत नाही त्याला शाळेचं काम मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शाळेचं काम गेलं तर चाचांकडे लग्नपत्रिकांची पाकिटं चिकटवणं तेवढं उरत होतं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. “सांग त्यास्नी, म्हातारा झालो. आकडे दिसत न्हाईत आता.”

ज्यांच्या हातून चाळीस वर्षांत एक पान मागंपुढं झालं नव्हतं, ते माझं नाव येऊ नये म्हणून असं म्हणत होते. मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान हलवली. चाचांनी टोपी नीट केली आणि दाराकडे वळले. त्यांचं काम त्या दिवशी गेलं ते गेलंच. पुढं ते श्रीरामपूरला पुतण्याकडे राहायला गेले, आणि आमच्या शेजारी एक कुलूप उरलं.

पण त्या दिवशी चाचा ऑफिसच्या दारापर्यंत पोचायच्या आत मी बोलले. आधी बाईंना इंग्रजीत, आणि मग चाचांनाही कळावं म्हणून मराठीत:

“चाचांना आकडे स्वच्छ दिसतात. ते पान आधी यायला हवं, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.”