नागमणी अक्काची सीईटी

नागमणी अक्का पहिल्या दिवशी क्लासात आली तेव्हा आम्ही सगळी मुलं उठून उभी राहिलो आणि एका सुरात ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणालो. तिनं दारातच थबकून मागं वळून पाहिलं, कोण मॅडम आल्यात म्हणून. मागं कुणीच नव्हतं. मग ती हसली, पदर सावरला आणि माझ्या बाकापाशी येऊन म्हणाली, “हितं कुणी बसतंय का?” मी सरकून जागा दिली. तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली, पहिल्या पानावर तारीख घातली आणि फळ्याकडं बघत बसली. वय छत्तीस, दोन मुली शाळेत, आणि आली होती फार्मसीच्या सीईटीची तयारी करायला.

मी तेव्हा बारावीत होते. दुधनीहून शिकायला सोलापुरात मावशीकडं राहत होते. आमच्या आप्पांचं दुधनीत धान्याचं दुकान. घरात एक तरी डॉक्टर हवा, हा त्यांचा हट्ट. डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा जमली नाही तर हाताशी काहीतरी असावं म्हणून त्यांनी या क्लासात माझं नाव घातलं होतं. त्यामुळं फार्मसी म्हणजे नापासांची रांग, अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या रांगेत मला बसवलंय म्हणून मी रोज तोंड फुगवून यायचे. फिजिक्सच्या पुस्तकात गोष्टीचं पुस्तक ठेवून वाचायचे. चौथ्या दिवशी अक्काच्या ते लक्षात आलं. ती सरांना काही बोलली नाही. सुट्टीत डबा उघडताना मला हळूच विचारलं, “तुला डॉक्टर व्हायचंय, का डॉक्टर म्हणवून घ्यायचंय?” मला राग आला. 

अक्का सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या वस्तीतली. घरात तेलुगू, बाहेर मराठी. नवरा यंत्रमागावर टॉवेल विणायचा, ती घरी विड्या वळायची. बारावी सायन्स झाल्या झाल्या लग्न झालं आणि पुस्तकं माळ्यावर गेली. ती पुन्हा खाली कशी आली, हे मला तिच्या सासूबाईंकडून कळलं. एका दुपारी अक्का मला घरी घेऊन गेली होती. सासूबाईंना सगळी गल्ली अत्तम्मा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

अत्तम्मांना दमा होता. डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या होत्या आणि सोबत प्लास्टिकचं एक छोटं यंत्र. त्या यंत्रात कॅप्सूल घालून आतली पावडर तोंडानं ओढून घ्यायची होती. पण दुकानात गर्दी, अत्तम्मांना मराठी जेमतेम, कुणी काही सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. अत्तम्मांना वाटलं, यंत्र औषधावर फुकट मिळालंय. ते त्यांनी नातींना खेळायला दिलं आणि कॅप्सूल चार महिने चहाबरोबर गिळल्या. दमा काही हलेना. शेवटी अक्कानं खोक्यातला घडी घातलेला कागद उलगडला, विसरलेलं इंग्रजी आठवत आठवत वाचला, त्यातली चित्रं पाहिली आणि मुलींच्या भातुकलीतून ते यंत्र शोधून काढलं. धुऊन, सुकवून सासूच्या तोंडाला लावलं. दोन-तीन आठवड्यांत म्हातारी गच्चीचा जिना चढून पापड वाळत घालू लागली.

“औषध पोटात जायलतं, दमा छातीत बसलता,” अत्तम्मा मोडक्या मराठीत मला म्हणाल्या. “हिनं दोघांची भेट घालून दिली.”

ही गोष्ट गल्लीभर झाली. मग कुणी बीपीची गोळी घेऊन येऊ लागलं, कुणी डोळ्यांत घालायचं औषध. अक्का कागद वाचून सांगायची. एकदा मात्र एका बाईनं विचारलं, या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर चालतील का? अक्काला कळेना. तिनं त्या बाईला परत डॉक्टरांकडं पाठवलं. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. “कंपनी बनवतीय, डॉक्टर लिहितोय, दुकानदार देतोय,” ती मला म्हणाली, “सांगायला कोण हाय? आणि सांगायचं तर आधी शिकायला पायजे की. अर्धवट सांगणं लई वाईट.” एवढंच तिचं कारण. मला माझं कारण विचारलं असतं तर मी आप्पांचं नाव सांगितलं असतं.

तिचा अभ्यास बघण्यासारखा असायचा. मांडीवर विड्यांचं सूप, सुपाच्या कडेला टेकवलेलं केमिस्ट्रीचं पुस्तक. बोटं विडीची पानं वळत असायची आणि डोळे ओळीवरून सरकत असायचे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा झाला की एक प्रश्न सुटला पाहिजे, हा तिचा नियम. प्रश्न अडला तर कट्टे वाढत जायचे, आणि ती म्हणायची, “आज मोलच्या गणितानं लई विड्या वळायला लावल्या.” तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, मागावरून आले की पुस्तक हातात धरून तिची उजळणी घ्यायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ते फक्त उत्तराची लांबी बघायचे. पुस्तकात चार ओळी आणि ही दोनच बोलली तर म्हणायचे, “अजून हाय, अजून हाय.”

पहिल्या सराव परीक्षेत तिला दोनशेपैकी अठ्ठावन्न मिळाले. सरांनी तिला बाजूला घेऊन समजावलं की ताई, या वयात एवढा ताण कशाला, एखादा छोटा कोर्स करा. सर वाईट नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरोबर हाय तुमचं, सर. पण यातलं कुठलं कुठलं चुकलं, तेवढं लाल करून द्या की.” ती लाल झालेली उत्तरपत्रिका घेऊन ती माझ्याकडं आली. शिकव म्हणाली. मला माझंच येत नव्हतं. तिला शिकवायचं म्हणून मी पहिल्यांदा मन लावून पुस्तक उघडलं, आणि रेणूत एक कडी इकडची तिकडं झाली तर औषधाचं विष कसं होतं, हे तिला सांगता सांगता मलाच त्यात गोडी वाटायला लागली.

परीक्षा कॉम्प्युटरवर होती आणि अक्कानं माउसला कधी हात लावला नव्हता. मावशीच्या घरी मी तिला सराव दिला. स्क्रीनवरचा बाण वर न्यायचा म्हटलं की ती माउसच हवेत उचलायची. चार दिवसांत मात्र बोटं सरावली. विड्या वळणारी बोटं ती.

सीईटीच्या निकालात तिला बेताचे मार्क पडले, मला बरे; माझी नीट मात्र हुकली. प्रवेशाच्या पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं, दुसऱ्याही नाही. त्या दिवसांत ती नुसती विड्या वळत होती. शेजारणी म्हणाल्या, देवाची इच्छा. अत्तम्मांनी त्यांना तेलुगूत असं काही सुनावलं की त्या दोन दिवस दारात आल्या नाहीत. तिसऱ्या यादीत नाव लागलं, शहराबाहेरच्या एका कॉलेजात, एसटीनं तासाभराच्या वाटेवर. काकांनी पेढे आणले. सरांना पहिला पेढा तिनं स्वतः नेऊन दिला.

त्याच आठवड्यात मी आप्पांना फोन केला. पुन्हा नीट देणार नाही, पुण्याला फार्मसीला जाते, असं सांगितलं.  आप्पा म्हणाले, “तितं जेवणाचं कसं करशील?” मी फोन ठेवला आणि मावशीच्या गळ्यात पडून रडले.

पुढची चार वर्षं आम्ही फोनवरच भेटलो. दुसऱ्या सत्रात तिचा एक विषय राहिला, तो तिनं पुढं काढला. पांढरा कोट मिळाला त्या दिवशी अत्तम्मांनी तिला तो साडीवर घालायला लावून गल्लीत घरोघर फिरवलं. ती लाजून चूर झाली होती, असं काका सांगत होते.

गेल्या महिन्यात सोलापूरला गेले तेव्हा तिला भेटायला गेले. ती आता घराजवळच्याच एका मेडिकलमध्ये असते. काउंटरवर रांग होती आणि अक्का एका आजोबांना तेलुगूत काहीतरी समजावत होती. मागचे लोक चुळबुळत होते. ती घाई करत नव्हती. मला बघून फक्त मान हलवली. पाऊण तासानं रांग संपली. तेव्हा ती चहा घेऊन बाहेर आली आणि माझं कसं चाललंय विचारलं. मी पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या औषध विभागात आहे. आमच्या खिडकीवर दिवसाला शेकडो लोकांना औषधं जातात, कसं सगळं झटपट होतं, ते मी जरा ऐटीतच सांगितलं. तिनं कौतुकानं ऐकलं. मग चहाचा घोट घेऊन साधेपणानं विचारलं, “आणि बोलतीस किती जणांशी?”

पुण्याला परत येईपर्यंत गाडीत मी तेच मोजत होते. एकाशीही नाही.

आता रोज घरी जाताना मी मोजते. काल सात झाले.