तिला सगळं ऐकू येत होतं

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या शाळेत वर्गावर होते. शिपायानं दारातून खूण केली, मी ऑफिसात गेले, तर पलीकडून दादा फक्त एवढंच म्हणाला, "नलू, ये." पुढे काही विचारावं लागलं नाही. गेले कित्येक महिने आम्ही सगळेच त्या एका शब्दाची वाट बघत होतो. बाळकुमला माहेरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. ते दिवस कसे गेले ते नीट आठवत नाही. आठवतं ते दहाव्याच्या दुपारचं. मी पडवीतून चहाचा ट्रे घेऊन येत होते आणि खांबाशी बसलेल्या दोन म्हाताऱ्या बायका हळू आवाजात बोलत होत्या. एक म्हणाली, "तवा भूत लागला व्हता ना तिला, तो काय सुटला नाय. शेवटी घेऊनच गेला." मला बघून त्या गप्प झाल्या. मला त्यांचा राग आला नाही. लाज वाटली... आमच्या घराची. कारण त्यांना तेच माहीत होतं, आणि दुसरं काही त्यांना सांगायला आमच्या घरातलं कोणी इतक्या वर्षांत त्यांच्या दारी गेलंच नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

कुंदावहिनी कोपरीची. तिचे वडील खाडीत मासेमारी करायचे, आई माशांची पाटी घेऊन नौपाड्यात फिरायची. ऐंशी साल उलटलं आणि थोड्याच दिवसांत ती लग्न होऊन आमच्याकडे आली. आमची मिठागरं तोपर्यंत बंद पडलेली, दादा एका कारखान्यात लागलेला, आणि मी कल्याणला मामाकडे राहून कॉलेज करत होते. सुट्टीत घरी आले की पहिला आवाज यायचा तो वहिनीचा. ती सतत बोलायची, नकला करायची. आमच्या गावातल्या लग्नात हळदीच्या दिवशी बायका गाणी म्हणतात, तिथे वर्षभरातच तिच्याशिवाय सुरुवात होईनाशी झाली. खणखणीत, जरा घोगरा आवाज होता. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वाढपी पुरुष काम थांबवून ऐकायचे. आईला, म्हणजे तिच्या सासूला, त्याचा केवढा तोरा होता. "आमचे सुनेला गला देवानं दिलाय," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा वहिनीला उलट्या फार व्हायच्या. पाणी प्यायली तरी बाहेर. दादा तिला ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी उलटीच्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणाआधी अर्धा तास एक, दिवसातून तीनदा, यापेक्षा जास्त नाही. एवढं सांगितलं, आणि दादानं घरी येऊन ते आईला सांगितलं. पण गोळी पोटात राहायची नाही. घेतली की थोड्या वेळात उलटी, आणि उलटी झाली की आईला वाटायचं, औषध वाया गेलं. "पडली ना गोली? मंग दुसरी घे," असं म्हणून ती दुसरी द्यायची. दुसरीही पडली की तिसरी. यात आईची माया होती, दुसरं काही नव्हतं. घरातली पहिली गर्भार सून अशी वाळत चाललेली बघून तिचा जीव तुटत होता. पण जेवढं औषध बाहेर पडलं असं तिला वाटत होतं, तेवढं पडत नव्हतं. बरंचसं वहिनीच्या अंगात भिनत होतं.

त्यातच शेजारच्या घरी हळद निघाली. वहिनीच्या अंगात त्राण नव्हतं, पण बोलावणं मानाचं, आणि दोन दिवस तिला जरा बरं वाटत होतं. ती गेली. गाणं सुरू केलं आणि पहिल्याच ओळीत तिची जीभ जड झाली. मग मान एका बाजूला वळली, वळतच गेली, आणि तिथेच अडकली. डोळे वर गेले. जबडा घट्ट बसला, जीभ ओठांबाहेर आली. पदर पडला, तो तिनं सावरला नाही. मांडवात कोणीतरी म्हणालं, "अंगात आलाय." मग दुसऱ्या बाईनं सांगितलं की हे देवाचं नाही, बाहेरचं आहे, बघा मान कशी पिळलीय. तिला उचलून घरी आणलं. भगताला बोलावलं. लिंबाचा पाला, धुरी, केस धरून विचारणं... "कोण हायेस? कुठून आलीस?" दारात आणि खिडकीत गाव उभं होतं. भगत दरडावून विचारत होता आणि तिला उत्तर देता येत नव्हतं, कारण तोंडच उघडत नव्हतं.

कारखान्यातली पहिली पाळी संपवून दादा आला तेव्हा हे चाललेलं. त्यानं कोणाचं ऐकलं नाही. रिक्षा आणली आणि तिला घेऊन थेट त्याच डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या किती घेतल्या?" त्यांनी एक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात मान सरळ झाली, जबडा सुटला, आणि वहिनी रडायला लागली. डॉक्टरांनी दादाला समजावून सांगितलं. हे त्या औषधानं होतं. सगळ्यांना होत नाही, पण काहींना, त्यातून तरुण बायकांना होतं, आणि गोळ्या जास्त गेल्या तर अधिकच. गोळी उलटून पडली तरी आपल्या मनानं दुसरी घ्यायची नाही, येऊन विचारायचं. असं काही होऊ शकतं हे आपण आधीच सांगायला हवं होतं, असंही ते म्हणाले. आणि जाताना त्यांनी वहिनीला बजावलं, की हे औषध तुम्हाला चालत नाही, यापुढे ज्या डॉक्टरकडे जाल त्याला हे सांगायचं.

ते सांगणं घरी आलं आणि घरातच राहिलं. गोळीनं झालं असं सांगायचं, तर गोळ्या कोणी दिल्या ते आलंच. शिवाय भगत बोलावला, केस धरले, ते कशासाठी? आईनं तोंड मिटलं. दादानं आईकडे बघून मिटलं. गावानं आपली गोष्ट ठरवून टाकली होती, ती आम्ही राहू दिली. मुलगी सुखरूप झाली, सुजाता. पण बाळाला बघायला येणाऱ्या बायका आधी त्याची मान बघायच्या.

त्यानंतर वहिनी हळदीला गेली नाही. लग्नाला जायची, अक्षता टाकायची, मागच्या मागे निघून यायची. गाणं थांबलं. ते का थांबलं असं कोणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ते सगळं पुन्हा बोलावं लागलं असतं. आणि गोळी म्हटली की ती पाठ फिरवायची. डोकं दुखलं तर फडकं बांधून पडायची. एकदा आम्ही सगळे एसटीनं निघालेलो, तिला घाट लागला, बाजूच्या बाईनं प्रेमानं गोळी पुढे केली. वहिनी दचकून खिडकीला चिकटली. त्या बाईला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं.

माझं लग्न झाल्यावर ती डोंबिवलीला चार दिवस राहायला आली होती. दुपारी आम्ही दोघी गॅलरीत शेंगा सोलत बसलो होतो आणि ती अचानक म्हणाली, "ताई, मना सगला ऐकू येत व्हता."

मला आधी कळेना. "कधी?"

"त्या दिवशी. मी जागी व्हते. कोन काय बोलला, कोन हसला, मना सगला म्हाईत हाय. पदर पडला त्यो पन कलला, पन हात उचलत नव्हता." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "आनि मी गावात त्यांच्याच समोरून रोज जाते."

तिला दुखलं त्याची तिला लाज नव्हती. तिची लाज वेगळीच होती. ती तिथे होती, पुरती शुद्धीवर होती, आणि सगळ्यांनी ती नाहीच असं धरून तिला हाताळलं होतं. ते जर त्यांना सांगितलं, तर तेव्हा कोणी काय केलं ते सगळं तिला ठाऊक आहे हे त्यांना कळणार. मग तोंड कसं दाखवायचं? त्यांनी नव्हे, हिनं. मी तेव्हा खूप काही बोलले, समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि टरफलं गोळा करून आत गेली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे तिला तो आजार निघाला. पोटातला होता, उशिरा कळला. आमच्या डोंबिवलीच्या शिकलेल्या सोसायटीतसुद्धा त्याचं नाव कोणी मोठ्यानं घेत नसे, मग गावाचं काय सांगावं. ठाण्यात एका दवाखान्यात केमोथेरपी सुरू झाली. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठलं औषध घेतल्यावर पूर्वी त्रास झालाय का?" वहिनी म्हणाली, "नाय." दादा जमिनीकडे बघत राहिला. आई बाकावर बसली होती, तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

उलटीच्या गोळ्या लिहून मिळाल्या. वहिनीनं त्या घेतल्याच नाहीत. सगळ्यांसमोर हातात घ्यायची आणि मोरीत जाऊन टाकून द्यायची, हे आम्हाला नंतर कळलं. उलट्यांनी तिच्या अंगातलं पाणी संपत आलं. शेवटी ओठ सुकले, लघवी बंद व्हायला आली, आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. मी शाळेतून सुट्टी घेऊन गेले होते, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळची वेळ. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या घेत होता ना?" वहिनी म्हणाली, "घेत व्हते." डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे पोटात टिकत नाहीत. आपण तेच औषध सलाइनमधून देऊ," आणि नर्सला औषधाचं नाव सांगितलं. वहिनीनं डोळे मिटले. नर्स ट्रे घेऊन आली तरी ती काही बोलली नाही.

"थांबा बाई," आई म्हणाली.

ती स्टुलावरून उठली. आई डॉक्टरसमोर कधी बोलत नसे, नेहमी दादाला पुढे करायची. "तिला ती गोली सोसत नाय. पयल्या येलेला मान पिलली व्हती तिची, तोंड वाकडा झाला व्हता. डाक्टरांनी सांगितला व्हता, सगल्यांना सांगा म्हनून. आमी नाय सांगितला." मग जरा थांबून म्हणाली, "गोल्या मीच दिल्या व्हत्या, एकावर एक. आनि भगत पन मीच आनला."

डॉक्टरांनी नर्सचा हात थांबवला. त्या स्टूल ओढून आईच्या समोर बसल्या, काय काय झालं होतं ते विचारून घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं. "आजी, बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. "दुसरं औषध आहे. त्यानं मान सहसा वळत नाही." मग त्या वहिनीकडे वळल्या. केमोच्या आधी ही गोळी घ्यायची, उलटी सुरू व्हायची वाट बघायची नाही. घेतल्यावर लगेच उलटून पडली तर दुसरी आपल्या मनानं घ्यायची नाही, दवाखान्यात फोन करायचा. डोकं दुखेल, पोट साफ होणार नाही, तेही सांगायचं. आणि मान, जबडा, डोळे, काहीही ओढल्यासारखं वाटलं तर कोणासाठीही थांबायचं नाही, सरळ इथे यायचं. "यात लाजण्यासारखं काही नाही हो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

खाटेशी आम्ही तिघी राहिलो. वहिनी उशीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मना तवा सगला ऐकू येत व्हता."

आईनं तिच्या पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मना म्हाईत हाय."

वहिनीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुझे डोल्यांतून पानी येत व्हता," आई म्हणाली. "भगत विचारीत व्हता कोन हायेस, आनि मधीच तुझे डोले खाली आले का तू माझ्याकडं बघून रडत व्हतीस. मना तवाच कलला का ही माझी कुंदाच हाय. पन दारात सगला गाव उभा... मना लाज वाटली गो, थांबवायची." तिनं हात पुढे केला, पण वहिनीला लावला नाही, चादरीवर ठेवला. थोड्या वेळानं वहिनीनं आपला सलाइनचा हात सावकाश सरकवून त्यावर ठेवला. मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. माझ्या आईकडे मला बघवत नव्हतं.

नव्या गोळीनं उलट्या आटोक्यात आल्या. आजार बरा झाला नाही, पण मधले काही महिने तिला मिळाले. पेज पोटात राहायला लागली, मग भात, मग एके दिवशी तिनं बोंबील मागितले. त्याच काळात गल्लीतली एक नवी सून उलट्यांनी बेजार झाली होती. वहिनी काठी टेकत तिच्या घरी गेली आणि तिच्या सासूसमोर म्हणाली, "गोली पडली तर दुसरी देऊ नका. डाक्टरला विचारा. माझी मान गोलीनं वलली व्हती, भुतानं नाय." ती सासू त्या दिवशी मांडवात होती. तिनं खाली बघितलं. वहिनीनं नाही बघितलं. पुढच्या लग्नसराईत ती एका हळदीला जाऊन बायकांच्या मध्ये बसलीसुद्धा. गायली नाही. तेवढा दम राहिला नव्हता.

हे लिहावं की नाही ते मी दादाला विचारलं, तर तो म्हणाला आईला विचार. आई म्हणाली, "लिव. माझा पन लिव."

मागच्या रविवारी बाळकुमला गेले होते. आईला ब्लडप्रेशरची गोळी असते. वहिनीच्या शेवटच्या महिन्यांत त्या दोघी सकाळी एकाच खाटेवर बसून आपापली औषधं घ्यायच्या. आईला वाचता येत नाही, म्हणून ती पाकीट वहिनीच्या पुढे धरायची. वहिनी ते उजेडाकडे तिरपं करून बघायची, "हां, हीच," म्हणायची, आणि मग आई गोळी तोंडात टाकायची. आता सुजाता पाणी आणून देते. त्या सकाळी तिनं पेला दिला, गोळी हातावर ठेवली आणि ती चुलीकडे वळली. मी पाहत होते. आई गोळी तळहातावर घेऊन बसून राहिली, खाटेच्या रिकाम्या बाजूकडे हात थोडा पुढे केलेला. सुजातानं मागे वळून पाहिलं, परत आली, तिच्या शेजारी बसली आणि तो हात उजेडाकडे तिरपा करून म्हणाली, "हां आजी, हीच."