रविवारच्या सकाळचे परदेशी खेळ

परदेशी सिनेमा कुठला बघू, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. सिनेमांची नावं माझ्या ध्यानात राहिली नाहीत. राहिली ती बघणारी माणसं. आणि एकाची आठवण काढायला जावं, तर तिच्या मागं दुसरी उभीच असते!

स्वातंत्र्यानंतरची ती पाच-सात वर्षं. मी कोल्हापुरात हायस्कुलात भूगोल शिकवायचो. गावातल्या एका थेटरात रविवारी सकाळी एकच खेळ परदेशी सिनेमाचा असे. इटालियन, जपानी, रशियन, जर्मन. गर्दी म्हणाल तर पंचवीस डोकी. त्यात आम्ही तिघं कायमचे: मी, कोर्टातले कारकून नाना, आणि शिवाजी पेठेतले हवालदार. हवालदार मूळचे कोडोलीचे. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले, आता सायकली दुरुस्त करायचे.

एका इटालियन सिनेमाची प्रिंट आली, तिच्यात खाली इंग्रजी ओळीच नव्हत्या. सगळ्यांनी हवालदारांकडं बघितलं. त्यांनीही सुरुवात झोकात केली. हा पाणी मागतोय, तो भाकरी मागतोय, तो घरात कोण आहे विचारतोय. पुढं एक पोरगा आणि एक पोरगी भिंतीवर बसून हळू आवाजात कितीतरी वेळ बोलत राहिली. मागून कुणीतरी विचारलं, काय म्हणत्यात?

हवालदार म्हणाले, "ह्यातलं मला काय येत न्हाय. पानी, भाकरी, हात वर करा आन् घरात कोन हाय, एवढंच येतंय."

थेटर हसलं. हवालदार हसले नाहीत.

*

एरवी खालच्या इंग्रजी ओळी नाना वाचायचे आणि आमच्या ओळीपुरतं मराठीत सांगायचे. इतकं नेमकं सांगायचे की पुढची माणसंही मान मागं करून ऐकत.

एका सिनेमात डॉक्टर आजारी मुलाला तपासतो आणि आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगतो. नाना म्हणाले, "बरा होईल म्हणतोय." दहा मिनिटांत पडद्यावर त्या मुलाची शवपेटी आली. हवालदार चिडले. डॉक्टर लबाड आहे म्हणाले. मी इंग्रजी ओळ वाचली होती. बाहेर आल्यावर नानांना विचारलं, असं चुकीचं का सांगितलंत?

नाना म्हणाले, "आपल्या पुढं ती बाई बसली होती, तिच्या मांडीवरचं मूल तापानं फणफणलं होतं. तुम्ही पाहिलं नाहीत?"

*

शेजारच्या तानूबाईंना जपानी सिनेमा बघा म्हणून मीच सांगितलं. बंदरावर रोज मुलाची वाट बघणाऱ्या आईचा. सांगून बसलो आणि मग आठवलं, की यांचा मुलगा ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला तो बेपत्ता. जीभ चावली. पण त्या गेल्या. सिनेमा दोन रविवार होता, तर दुसऱ्या रविवारीही गेल्या. मी भीतभीत विचारलं, एवढा आवडला?

"आवडायचं काय त्यात, मास्तर? तिचा पोरगा येतोय का बघाय गेलते. कुनी सांगावं, एखाद्या खेळाला यील बी."

*

थेटरचे मॅनेजर एक रशियन सिनेमा मलकापूरकडं तंबूत दाखवायला घेऊन गेले. शेतकऱ्यांचा सिनेमा आहे, गावात दाखवण्यासारखा आहे, हा सल्लाही माझाच! पहिल्या दिवशी रिळं मागंपुढं झाली. नायकाला आधी फाशी झाली, आणि मग तो नांगर धरायला लागला, लग्न केलं, पोराला खांद्यावर घेऊन नाचला. तंबूत टाळ्याच टाळ्या.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी रिळं नीट लावली. फाशी झाली, सिनेमा संपला, तरी कुणी उठेना. शेवटी एक म्हातारा मॅनेजरजवळ आला.

"काल जित्ता झालता की त्यो. आज का मारलासा?"

मॅनेजरनी त्याला समजावलं, की खरा सिनेमा आजचा, काल आमची चूक झाली होती.

म्हातारा म्हणाला, "मग उद्या चूकच लावा."

*

गांधीजींच्या खुनानंतर जी जाळपोळ झाली, तिच्यात नानांचं घर गेलं होतं. नाना त्याबद्दल कधी बोलत नसत. दोन खोल्या भाड्यानं घेऊन ते आणि वहिनी राहायचे. विषय निघालाच, तर हवालदार एवढंच म्हणायचे, की त्या दिवशी मी कोडोलीला होतो.

एक जर्मन सिनेमा आला. लढाईत पडलेल्या गावात एक बाई परत येते. घराच्या जागी विटांचा ढीग. ती शेजारणीकडं जाते, तर तिथं तिला स्वतःचीच खुर्ची दिसते. तीच खुर्ची ओढून बसते, आणि शेजारीण तिच्यापुढं सूप ठेवते. नानांनी त्या जागी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखी ओळच नव्हती. माझ्या पलीकडून हवालदार उठले आणि अंधारात चाचपडत बाहेर गेले. तब्येत बिघडली असेल असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नानांकडं पेपर वाचत बसलो होतो. हवालदार आले. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते त्यांनी जमिनीवर ठेवलं आणि घोंगडी सोडली. शिलाईचं मशीन होतं. वहिनी आतून आल्या आणि दारातच थांबल्या.

हवालदार नानांकडं न बघता म्हणाले, "त्या दिवशी मी कोडोलीला न्हवतो."

वहिनी खाली बसल्या. मशीनचं चाक त्यांनी एका बोटानं फिरवलं. ते हलकं फिरलं, आवाजही झाला नाही.

"तेल घालत होता?" वहिनींनी विचारलं.

"व्हय."

हवालदार जायला वळले. नानांनी माझ्या हातातला पेपर घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"हवालदार," ते म्हणाले, "येत्या रविवारी फ्रेंच आहे. बघण्यासारखा आहे म्हणतात."