मस्कतचा भोंगा

हसनचाचा नसते तर मी वकील झालो नसतो. आणि त्या सकाळी रत्नागिरीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांसमोर घाम पुसत उभाही राहिलो नसतो.

चाचा आमच्या गावचे, शेजारचे. मस्कतला एका अरब शेटच्या दुकानात कामाला. त्यांचा पुतण्या रफीक विधानसभेला अपक्ष उभा होता आणि मी त्याचा वकील. चाचांनी सुट्टीवर येणाऱ्या एका गाववाल्याबरोबर रफीकला प्रचारासाठी नवाकोरा भोंगा पाठवला, सोबत पत्र. रफीक भारावला. पहिल्याच सभेत त्याने ते पत्र त्याच भोंग्यातून वाचून दाखवलं, 'ही भेट आमच्या शेटसाहेबांच्या मेहेरबानीने' या वाक्यासकट.

विरोधकांना आणखी काय हवं होतं? दुसऱ्या दिवशी तक्रार दाखल.

परदेशी देणगीचा कायदा सोप्या भाषेत असा: निवडणुकीला उभ्या असलेल्या माणसाने परदेशी व्यक्तीकडून किंवा कंपनीकडून पैसा वा वस्तू घ्यायची नाही. घेतली तर तुरुंगवासाची तरतूद आहे.

"साहेब, नुसता भोंगा आहे हो," मी म्हणालो.

"भोंगा कुठला ते मी विचारत नाही, देणारा कुठला ते सांगा. उद्या दुपारपर्यंत कागद आणा. नाहीतर प्रकरण पोलिसांकडे."

बाहेर रफीक रडकुंडीला आलेला. "वकीलसाहेब, मी आत जाणार काय?"

"माइक हातात नव्हता तोवर बरा होतास तू," मी म्हणालो आणि आयएसडी बूथ गाठला.

"चाचा, भोंगा कोणी घेतला?"

"मीच. माझ्या पगारातून."

"मग पत्रात शेटचं नाव का?"

"अरे, त्याच्या दुकानात उभा हाय म्हणून पगार हाय. त्याचा नाव नको घ्यायला? तुला वकील केला, पन रीत नाय शिकलास."

मी कपाळाला हात लावला. परदेशात राहणारा भारतीय नागरिक या कायद्याने परदेशी ठरत नाही. चाचांनी स्वतः घेतला असेल तर रफीक सुटला होता. अडचण एवढीच की चाचा श्रेय घ्यायला तयार नव्हते. बूथचं मीटर बरंच पळाल्यावर ते स्वतःच्या नावाचे कागद पाठवायला कबूल झाले. दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास फॅक्स आला: चाचांच्या नावाची भोंगा खरेदीची पावती आणि त्यांच्या भारतीय पासपोर्टची प्रत.

साहेबांनी दोन्ही नीट पाहिलं. "मग हा गृहस्थ स्वतःच्या भेटीवर दुसऱ्याचं नाव का घालतो?"

"सवय आहे, साहेब."

तक्रार निकाली निघाली. रफीक निवडणूक हरला, पण घरी गेला, कोर्टात नाही. तेव्हापासून मी अशिलाला आधी विचारतो, वस्तू कोणी दिली; आणि मग विचारतो, तुम्ही सांगताय कोणी दिली.

त्या आठवड्यात चाचांना लिहिलेलं पत्र असं:

'आदरणीय चाचांस सादर नमस्कार. रफीक सुखरूप आहे. शेटसाहेबांना दुवा जरूर द्या, कायद्याची हरकत नाही. फक्त वेगळ्या कागदावर द्या. आता एक विचारतो. माझी लॉ कॉलेजची फी शेटने दिली, असं तुम्ही आईला सांगितलं होतंत. ती अजून रोज संध्याकाळी त्या शेटच्या नावाने देवापुढे दिवा लावते. तिला खरं सांगू का, तेवढं कळवा.'