मौन सुटल्यावरचा पहिला शब्द

पुण्याला गाडीत बसल्यापासून मी बोलत होते, आणि जबलपूर आलं तेव्हाही माझं एक वाक्य अर्धंच राहिलं होतं. समोरच्या बाकावरचे गृहस्थ भुसावळच्या अलीकडंच पांघरूण ओढून झोपले. ते खरोखर झोपले होते का, याची मला शंका आहे. पण मी तरी काय करणार? साताऱ्याच्या टेलिफोन ऑफिसात माझी सगळी नोकरी बोलण्यात गेली. मी निवृत्त झाले, तोंड काही झालं नाही.

यंदाची दिवाळी माझ्याकडंच करायची, असा धोशा धाकट्या बहिणीनं, शैलानं, लावला होता. तिचं सासर जबलपूरचं. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिलेली. मेहुणे लष्करी कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांचं मराठी नागपूरच्या अंगानं जातं आणि मधेच हिंदीत शिरून पुन्हा परत येतं. ऐकायला मोठं गोड लागतं.

"ताई, प्रवासात काही त्रास तर नाही झाला न?" स्टेशनवर माझी बॅग उचलत त्यांनी विचारलं.

"मला नाही. समोरच्यांना झाला असेल."

"अच्छा, म्हणजे प्रकृती ठीक आहे तुमची. चलो."

घर महाराजपूरला, अधारतालच्या पुढं. पहिला दिवस गप्पांत आणि चकल्यांत गेला. संध्याकाळी मेहुणे कमानिया गेटला घेऊन गेले. दिवाळीची गर्दी अशी, की पाय उचलला तर खाली ठेवायला जागा नाही. तिथं खव्याची जिलबी खाल्ली. ती आपल्या जिलबीसारखी केशरी आणि कुरकुरीत नसते. जाड, काळपट, आत मऊ आणि पाकानं जड. एक खाल्ली की पोट भरतं. मी दोन खाल्ल्या आणि रात्री ओवा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी भाची मृणाल मला तिचं काम दाखवायला अधारतालच्या बाजूला तिच्या विद्यापीठात घेऊन गेली. ती चरणाऱ्या गुरांवर पीएच.डी. करते. हे शैलानं फोनवर सांगितलं होतं तेव्हा मी म्हटलं होतं, गुरांमागं हिंडायला डिग्री कशाला हवी. आता तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा पटलं.

"हे पाहा मावशी, उन्हाळा वाढून राहिला, लांबून राहिला. मग गाय काय करते? केव्हा निघते, किती चालते, कुठं सावलीला थांबते, कोणतं गवत सोडून कोणतं खाते, हे मी पाहून राहिली." तिनं कॉम्प्युटरवर एक नकाशा उघडला. त्यावर रंगीत रेघा होत्या, लहान मुलानं खडूनं ओढल्यासारख्या. गावातल्या काही गाईंच्या गळ्यात तिनं पट्टे बांधले होते. पट्ट्यातलं यंत्र गाय कुठं आहे ते कळवतं. एकेक रेघ म्हणजे एकेका गाईचा एकेक दिवस.

तिच्या विभागात आणखी पोरंपोरी होती. एक जण गाईच्या श्वासातला वायू पिशवीत धरून मोजत होता, कारण त्या वायूनंही हवा तापते म्हणे. एक मुलगी प्लॅस्टिकच्या तंबूत गवताला मुद्दाम जास्त ऊन देऊन वाढवत होती. इतिहासाची एक विद्यार्थिनी कुठूनशी आली होती. कोणत्या गावाची चरनोई (आपलं गायरान) कधी आणि कशी आटली, ते ती जुन्या कागदांतून शोधत होती. एका गाईची एवढी चौकशी! आमच्या वेळी स्थळाचीही इतकी करत नसत.

चहा चालला होता तेवढ्यात मृणालचा फोन वाजला. दोन-तीन वाक्यं झाली असतील, आणि तो कट झाला. पोरीचा चेहरा उतरला. गावच्या बरेदीचा (गावाची गुरं राखणारा) फोन होता. त्याचं नाव हल्केभैया. गाई घरोघरच्या असल्या तरी त्याच्या शब्दावरच मृणालनं पट्टे बांधले होते. त्यानं एवढंच सांगितलं होतं, "पट्टे उतार लए हैं, बिन्नू. परमा को आ जइयो." बिन्नू म्हणजे लाडानं पोरीला, आणि परमा म्हणजे पाडवा. पट्टे काढले आहेत, पाडव्याला ये. पुन्हा फोन लावला तर लागेना.

"झालं," मृणाल म्हणाली. उन्हाळ्यात एका घरची गाय आटली होती, आणि हे त्या यंत्रामुळंच, असं गावात बोललं जात होतं. ते तिच्याही कानावर आलं होतं. उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या रेघा तिच्याकडं होत्या, पण हिवाळा बाकी होता. "सर म्हणतात, थंडीतल्या रेघा नसतील तर उन्हाळ्याची तुलना कशाशी करशील? सगळं पाण्यात जाईल, मावशी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं, आणि त्या न बघितलेल्या हल्केभैयाचा रागही आला.

लक्ष्मीपूजन झालं, पण घरात दिवाळी अशी नव्हतीच. पाडव्याला सकाळी आम्ही मेहुण्यांच्या गाडीतून निघालो. शैला घरी थांबली. मेहुण्यांनी डिकीत एक रिकामं पोतं टाकलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पट्टे आणाले. तो देऊन राहिला तर खाली हात काहून यायचं?"

रस्ता कटंगीवरून दमोहकडं जातो. दोन्हीकडं मटाराची कोवळी शेतं, मधूनच मोहाची झाडं आणि अंगणाअंगणात शेणाचा गोवर्धन. हवा अशी छान गार होती, की मनात काळजी असूनही बरं वाटत होतं. वाटेतल्या प्रत्येक गाईच्या अंगावर गेरूचे हात उमटवलेले होते.

गावात शिरलो आणि ढोलकी ऐकू आली. चौकात दहा-बारा बापे कमरेला घुंगरू बांधून, हातात मोरपिसांच्या जुड्या घेऊन नाचत होते. मृणालनं त्यातला एक दाखवला. उंच, पांढऱ्या मिशांचा. तोच हल्केभैया. त्यानं मृणालकडं पाहिलं आणि नजर खाली घातली.

नाच थांबला तशी मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझं हिंदी ऐकण्यासारखं नाही, पण अडत नाही. "भैया, बच्ची की साल भर की मेहनत है. पट्टा रखोगे की नहीं? हाँ या ना, इतना तो बोलो."

तो गप्प.

"बोलना नहीं है तो मान तरी हलवा," मी म्हटलं. रागाच्या भरात हिंदी कुठं संपलं ते कळलंच नाही.

तो जमिनीकडं बघत उभा राहिला. बाकीचेही गप्प. मला वाटलं, केवढा हा ताठा. तेवढ्यात एका बाईनं मागून माझं कोपर धरलं आणि मला बाजूला नेलं. ती त्याची बायको, फुलाबाई.

"जिज्जी, आज वे नईं बोलहें. मौन लएं हैं."

मग तिनं समजावून सांगितलं. इकडं गुराखी पाडव्याला मौन धरतात. त्यांना मौनिया म्हणतात. कृष्णाच्या गाई हरवल्या, तेव्हा त्या सापडेपर्यंत तो कुणाशी बोलला नाही, म्हणून हेही बोलत नाहीत. दिवसभर उपाशी गावोगाव नाचत फिरायचं आणि संध्याकाळी गाई घरी आल्या की पूजा करून मौन सोडायचं. मधेच कुणी बोललं तर व्रत मोडलं, आणि त्याचा ताप वर्षभर गुरांना. आणि मी बया, त्या माणसाला भर चौकात बोल बोल म्हणून छळत होते! माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक होतं, पण ते दमोहच्या वाटेवर येऊन सिद्ध करायची गरज नव्हती.

"काहून बोलली तू त्यांच्याशी?" मृणाल रडवेली होऊन म्हणाली. "आता तर नक्कीच नाही म्हणतील." मौनियांबद्दल ती ऐकून होती, पण हल्केभैया त्यांच्यात असेल हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. शहरातली पोर.

मौनियांची टोळी पुढच्या गावाला निघून गेली. आता संध्याकाळपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फुलाबाईनं आम्हाला ओसरीवर बसवलं आणि गक्कड-भर्ता खाऊ घातला. गक्कड म्हणजे शेणीच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, आणि भर्ता म्हणजे आपलं वांग्याचं भरीत. तुपात बुडवून खाल्ले. पोटात काळजीचा गोळा होता, तरी कणकेचे तीन गोळे त्याच्या शेजारी मावले.

दुपारी आम्ही हिरन नदीपर्यंत चालत गेलो. नदीकाठच्या कुरणात पलीकडं गावची गुरं दिसत होती. आज ती हल्केभैयाच्या भावानं नेली होती. फुलाबाई बरोबर होती. पूर्वी उन्हाळ्यातही गुरं दिवस मावळताना घरी यायची, ती म्हणाली. आता दुपारच्या आतच येऊन गोठ्यात धापा टाकत उभी राहतात.

"आणि ते पट्टे?" मी हळूच विचारलं. "गाय त्यानंच आटली, असं तुम्हालाही वाटतं?"

"लोग कहत हैं," ती म्हणाली. "हमाए इनने कछु नईं कही." लोक म्हणतात, पण आमच्या यांनी काही म्हटलेलं नाही. म्हणजे आम्ही होतो तिथंच. आज तर ते काहीच म्हणणार नव्हते.

मृणाल वाळूत बसून राहिली. तिनं मला एकदा विचारलं, "मावशी, दुसरा विषय घेऊ काय?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

ऊन उतरलं तसे मौनिया परतले, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. थोड्या वेळानं गाईही आल्या. सगळं गाव चौकात गोळा झालं. जिची गाय आटली होती, ती बाईही फुलाबाईनं मला नजरेनं दाखवली. गाईंची पूजा झाली. जुनी दावी, जुन्या घंटा दिवाळीच्या आधीच काढून टाकलेल्या होत्या. आता घरोघरचे लोक आपापल्या गुरांना नवीन रंगीत दोर बांधू लागले. आपल्याकडं पोळ्याला बैलांचं करतात तसंच. हे बघून माझ्या डोक्यात कुठंतरी उजेड पडायला लागला होता, पण दिवसभरात मी एक गोष्ट शिकले होते. मी गप्प राहिले.

हल्केभैया घरात गेला आणि टोपली घेऊन बाहेर आला. टोपलीत मृणालचे पट्टे होते. धुऊन पुसून लख्ख केलेले, आणि प्रत्येकाला लाल-पिवळा नवा गोफ गुंडाळलेला. मृणालनं माझा हात घट्ट धरला. तो कळपाच्या म्होरकीजवळ गेला. तिचं नाव चितकबरी, अंगावर काळेपांढरे ठिपके. सगळ्यांच्या देखत त्यानं पहिला पट्टा तिच्या गळ्यात बांधला. मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. शेवटी तो त्या आटलेल्या गाईच्या मालकिणीपुढं पट्टा हातात धरून उभा राहिला. काही बोलला नाही, बोलू शकतच नव्हता. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि आपल्या गाईची मान पुढं धरली.

"परमा को जो बंध गओ," फुलाबाई माझ्या कानात म्हणाली, "सो साल भर नईं उतरत." पाडव्याला जे बांधलं ते वर्षभर उतरत नाही. पोरगी फक्त हिवाळा मागत होती. आंधळा मागतो एक डोळा, म्हणतात ना, तसं झालं. मृणाल आता उघड रडत होती, आणि मेहुणे चष्मा पुसत होते.

हल्केभैयानं गाईच्या पायावर डोकं ठेवलं, फुलाबाईच्या हातून पाणी घेतलं आणि मौन सोडलं. दिवसभर कोंडून ठेवलेला आवाज. तो एकदा खाकरला. मग मृणालकडं वळून त्यानं पहिला शब्द काढला.

"बैटरी लाईं, बिन्नू?"

गाडीच्या डिकीत आमचं रिकामं पोतं पडलेलं होतं. मृणालनं मान खाली घालून सांगितलं, नाही आणली, उद्या आणते.

"तो भुनसारे आ जइयो," तो म्हणाला. भुनसारे म्हणजे पहाटे. "गाएं जल्दी निकर जात हैं." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसला आणि मान हलवली. सकाळी मागितली होती ती.

घरी जाताना मेहुण्यांना चांगलाच चेव आला. "ताई, तो दिवसभर उपाशी राहून गप्प बसला. तुमच्याच्यानं होईल काय? उद्या भुसावळपर्यंत राहून दाखवा."

"दाखवते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती बापलेक दोघं पहाटेच बॅटऱ्या घेऊन गेली, आणि मला दुपारच्या गाडीत शैलानं बसवून दिलं. मी खिडकीशी बसले आणि तोंड मिटलं. समोर एक म्हातारे आजोबा होते. त्यांनी कुठं जाणार विचारलं, तर मी तिकीटच दाखवलं. नरसिंहपूर गेलं, पिपरिया गेलं. चहावाला आला तेव्हा बोटानं एक दाखवला. गप्प बसलं की किती गोष्टी नुसत्या मनात येऊन बसतात, हे मला या वयात कळत होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, पण इतक्या माणसांसमोर एक शब्द न बोलता कुणाच्या पाठीशी उभं राहता येतं, हे मी आधी पाहिलं नव्हतं. मौन सुटल्यावर पहिला शब्द निघतो तो मनात सगळ्यांत वर असलेलाच निघत असणार, असंही वाटलं. माझा काय निघेल, याची मला जरा धास्तीच होती.

इटारसीला मोबाईल वाजला. मृणालनं चित्र पाठवलं होतं. तोच नकाशा, आणि त्यावर गावातून नदीकडं गेलेली एक कोवळी, नवी रेघ.

मी मोबाईल थेट आजोबांच्या नाकापुढं धरला.

"ही बघा," मी म्हटलं, "आमची चितकबरी. निघाली चरायला."

भुसावळ अजून फार लांब होतं.